पेढी बंद केली आणि शेतकरी पुसले गेले

सोयाबीनची आवक भरात असताना लातूरच्या मार्केट यार्डातून फोन आला, की काम उद्यावर ढकलता येत नाही. एका आडत दुकानाचा ऑपरेटर रडकुंडीला आला होता. "सर, जुनी पेढी बंद केली अन् शेतकरीच गायब झाले बगा. एक नाव दिसंना."

सॉफ्टवेअर आमचं नव्हतं. ज्याने करून दिलं तो आता फोन उचलत नव्हता. बाकी कहाणी साधी होती. दोन भावांची सामाईक पेढी, वाटणी झाली, दोघांनी आपापलं लायसन काढलं आणि जुनी पेढी बंद करायची ठरलं. ऑपरेटरने मेनूतलं 'पेढी रद्द करा' दाबलं. 'खात्री आहे का?' असं विचारल्यावर 'हो' म्हणाला. त्याच्या जागी कुणीही म्हणालं असतं. पेढीबरोबर शेतकरी गेले, पट्ट्या म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या गेल्या, उचल गेली, हमालांची टोळीसुद्धा गेली.

डेटा परत आणणं त्या मानाने सोपं निघालं. रात्रीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर होता, आणि मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसमध्ये बायनरी लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंदवही, मुळातच चालू असतो. बॅकअप चढवला, त्यावर सकाळचे व्यवहार लॉगमधून रद्द करण्याच्या हुकुमापर्यंत चालवले आणि तिथे थांबलो. त्यानंतर कोड उघडला.

जावा आणि हायबरनेट, म्हणजे जावातली ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये ठेवणारी लायब्ररी. 'पेढी' नावाच्या क्लासमध्ये, म्हणजे ऑब्जेक्टच्या साच्यात, चार याद्या: शेतकरी, माल, पट्ट्या, हमाल. चारहीवर कॅस्केड ऑल आणि ऑर्फन रिमूव्हल लावलेलं. म्हणजे पेढी पुसली की यादीतलं प्रत्येक ऑब्जेक्ट पुसायचं, आणि नुसतं यादीतून काढलं तरी डेटाबेसमधून घालवायचं. प्रोग्राम कुठेच चुकला नव्हता. सांगितलेलं त्याने इमानदारीत केलं होतं. एररही आली नाही, म्हणून तर ऑपरेटरला पत्ता लागला नाही.

यूएमएल ही प्रोग्रामची रचना चित्राने मांडायची पद्धत. तिच्या आकृतीत अशा नात्याला काळा, भरीव डायमंड काढतात: कंपोझिशन. भाग एका वेळी एकाच मालकाचा, आणि मालक पुसला की भागही त्याच्यासोबत जातो. पोकळ डायमंड म्हणजे ॲग्रिगेशन. त्याचा नेमका अर्थ यूएमएलच्या स्पेसिफिकेशननेच आकृती काढणाऱ्यावर सोडला आहे. मला स्वतःला त्या पोकळ डायमंडचा आजवर काडीचा उपयोग झालेला नाही. मी एवढंच विचारतो: हे गेलं, तर ते जायचं का?

तोच प्रश्न गादीवर बसलेल्या मुनीमकाकांना विचारला. "काका, उद्या हे दुकान बंद झालं तर यातलं काय काय संपलं?"

त्यांनी चष्मा वर केला. "काटा आमचा, गादी आमची, गल्ला आमचा. बास."

"आणि समोरचा ढीग?"

"ढीग शेतकऱ्याचा. सौदा झाला, माप झालं, की मग खरेदीदाराचा. आमच्या दारात पडलाय म्हणून आमचा हुतोय व्हय?"

हमालांचं विचारलं तर हसले. "आज हितं, उद्या शेजारी. त्यांची नोंद बाजार समितीकडं."

"पट्टी?"

इथे मात्र ते थांबले. पट्टीवरच्या ओळी, म्हणजे कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई, या पट्टीच्याच. पट्टीवाचून एकट्या ओळीला अर्थ नाही. पण पट्टी दुकानाची म्हणावी, तर तिची एक प्रत शेतकऱ्याच्या खिशात असते. "दुकान बंद पडंल सर, पट्टी कशी फाडता येईल? उद्या कुणी इचारलं तर दाखवायचं काय?"

सगळं डिझाइन त्यांनी दहा मिनिटांत सांगून टाकलं होतं. मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्याने बहुधा स्क्रीन पाहून क्लास पाडले असावेत. पेढी निवडली की खाली शेतकऱ्यांची यादी दिसते, म्हणून शेतकरी पेढीच्या पोटात. जावात हे खपूनही जातं. सी प्लस प्लसमध्ये वापरून झालेलं ऑब्जेक्ट मेमरीतून डिलीट कुणी करायचं हा प्रश्न पहिल्या दिवसापासून छातीवर बसतो, म्हणून तर २०११ च्या आवृत्तीत युनिक पॉइंटर आला: मालक एकच, आणि मालकी द्यायची तर हलवूनच द्यायची. जावात वापरात नसलेली मेमरी गार्बेज कलेक्टर आपणहून आवरतो, त्यामुळे मालकीचा विचार न करताही वर्षानुवर्षं निभतं. डेटाबेसमागे मात्र कुणी कलेक्टर फिरत नाही.

दुरुस्ती अशी केली. शेतकरी स्वतंत्र, कुठल्याच पेढीच्या यादीत नाही. पेढी आणि शेतकरी यांच्या मधे 'खातं' हा नवा क्लास. उचल आणि येणं-देणं त्यात. खातं पेढीचं, पण त्यावर शिल्लक असेल तर पेढी बंदच होऊ द्यायची नाही. पट्टी आणि तिच्या ओळी यांच्यात कॅस्केड तसाच ठेवला, तिथे तो शोभतो. शेतकऱ्याचं नाव आणि गाव पट्टीवर त्या दिवशी होतं तसं उतरवून ठेवलं, म्हणजे पुढे कुणी नाव दुरुस्त केलं तरी जुनी पट्टी बदलत नाही. पेढी पुसायची सोयच काढली. आता फक्त बंद झाल्याची तारीख पडते. आणि प्रोग्रामवर माझा विश्वास बेताचाच, म्हणून डेटाबेसमध्ये फॉरेन कीवर, म्हणजे एका नोंदीला दुसरीशी जोडणाऱ्या दुव्यावर, रिस्ट्रिक्ट लावलं: दुवा असेपर्यंत मूळ नोंद पुसताच येत नाही.

अडलं ते उचलीवर. जुन्या पेढीने सोयाबीनच्या पेऱ्याला दिलेली उचल आता कुणी वसूल करायची? धाकटा म्हणाला, "दोघांच्या नावावर टाका की." मी नाही म्हणालो. एका खात्याला दोन मालक केले, की दोघेही वसूल करणार किंवा दोघेही सोडून देणार. थोरल्याला ते माझं आडमुठेपण वाटलं. तासभर आवाज चढत राहिले. मी चहा घेत गप्प बसलो, कारण हे ठरवणारी कुठलीही ॲनोटेशन, म्हणजे कोडवर लावायची सूचना, हायबरनेटमध्ये नाही.

शेवटी मुनीमकाकांनी तोड काढली: गावांवरून वाटणी. औसा रोडकडची गावं थोरल्याला, रेणापूरकडची धाकट्याला. त्यांनी लाल वही उघडून गावं वाचली आणि मी एकेक खातं हलवत गेलो. एका नावावर ते अडखळले. "ह्याचं रान दोन्हीकडं हाय, सर."

त्याची दोन खाती काढली, एकेक दोन्ही पेढ्यांत. शेतकरी एकच राहिला. उचल दोघांत कशी तोडायची ते भावांनी त्यालाच बोलावून विचारायचं ठरवलं, आणि तोवर नव्या खात्यांतली रक्कम शून्य ठेवून ती उचल जुन्या पेढीच्या नावावरच राहू दिली. त्यामुळे जुनी पेढी त्या दिवशी बंद झाली नाही.