सुतक कोणाला लागतं?

आज पावसामुळे बाहेर जायचं बारगळलं, मग कधीपासून लिस्टमध्ये पडून असलेला 'अ सिंगल मॅन' लावला. टॉम फोर्डचा २००९चा पिक्चर, क्रिस्तोफर इशरवुडच्या १९६४च्या कादंबरीवरून केलेला. गोष्ट एका दिवसाची. १९६२, लॉस एंजेलिस, जॉर्ज कॉलेजात शिकवतो, सोळा वर्षं सोबत असलेला जोडीदार जिम अ‍ॅक्सिडेंटमध्ये गेलाय आणि हा माणूस कुणासमोर धड रडूही शकत नाही.

तो फोनचा सीन! जिमचा नातेवाईक सांगतो की अंत्यविधी फक्त फॅमिलीसाठी आहे, आणि जॉर्ज काय म्हणतो, तर थँक्यू. कॅमेरा कॉलिन फर्थच्या चेहऱ्यावरून हलतच नाही, मी हातातला चहा तसाच धरून बसले, गार झाला.

रंगांचा खेळ मात्र जरा अतीच वाटला, सगळं फिकट फिकट आणि त्याला काही सुंदर दिसलं की एकदम रंग भरतात, समजलं हो बाबा! आणि पिस्तूल, आत्महत्येचा प्लॅन वगैरे फोर्डने घातलंय, कादंबरीत ते नाही. तिथे तो नुसता चिडत, कुढत दिवस काढतो, मला तेच जास्त खरं वाटलं.

आपल्याकडे सुतक कोणाला लागतं, किती दिवस, सगळं ठरलेलं. खूप वर्षांपूर्वी नात्यातल्या एका मयतीला एक बाई चपला न काढता दारातच उभ्या होत्या, पाणीसुद्धा न घेता गेल्या. आईला विचारलं तर म्हणाली, असतील कोणी ऑफिसातल्या.

आज दिवसभर त्याच आठवतायत.