आमची वाटचाल : शहाद्याच्या कार्यशाळेतून धडगावच्या पाड्यांवर

शहाद्यात कृत्रिम पाय आणि कॅलिपर, म्हणजे दुबळ्या पायाला आधार देणारे सांगाडे, तयार करण्याची आमची छोटी कार्यशाळा २०१७ साली सुरू झाली. त्याच वर्षी १९ एप्रिलला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. ते आता २१ झाले आणि आपल्या नंदुरबार जिल्ह्यात घरोघरी ठाऊक असलेला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही त्यांत आला. काम वाढेल हा माझा अंदाज खरा ठरला, पण ज्यांच्यासाठी ते करायचे त्यांची राहणी मला नीट ठाऊक नव्हती.

धडगाव तालुक्यातील एका पाड्यावर गुडघ्याखाली पाय गमावलेल्या पावरा या आदिवासी समाजातील एका बाईंना आम्ही पहिल्याच वर्षी कृत्रिम पाय बसवला. त्याचे पाऊल बाहेरून मागवलेले, ताठ घोट्याचे आणि बुटातच वापरायचे होते. तीन महिन्यांनी गेलो, तेव्हा तो पाय फडक्यात गुंडाळून आढ्याला टांगलेला दिसला. चुलीपुढे उकिडवे बसता येत नाही आणि घरात बूट चालत नाही, म्हणून त्या तो केवळ बाजाराच्या दिवशी घालत असत. खर्च आणि मेहनत वाया गेली याहीपेक्षा, माप घेताना आपण त्यांना चुलीपुढे कसे बसता एवढेही विचारले नाही, याचे मला फार वाईट वाटले.

त्यानंतर आम्ही जयपूर फूटकडे वळलो. कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेले हे रबरी पाऊल अनवाणी चालण्यासाठी, मांडी घालण्यासाठी आणि उकिडवे बसण्यासाठीच आहे. प्लास्टरच्या साच्यावर तापवलेला एचडीपीई या टणक प्लास्टिकचा पाइप ओढून सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती खोबण, तयार होते, त्यामुळे दुरुस्ती शहाद्यातच करता येते.

भाषेची अडचण याहून खोल होती. त्या बाईंचा मुलगा दुभाषाचे काम करी आणि प्रत्येक प्रश्नाला ‘सगळे ठीक आहे’ असे सांगे. आईने मांडीजवळच्या दुखण्याविषयी मुलासमोर बोलावे, अशी अपेक्षा ठेवणेच चूक होते. सॉकेटच्या काठाने झालेली जखम कळली ती पावरी बोलणाऱ्या आमच्या पहिल्या सहायिकेला, दोघी चुलीपाशी बसल्या तेव्हा. आज अशा चार सहायिका आमच्याकडे पगारावर आहेत. माप तंत्रज्ञ घेतात, पण स्त्रियांचे माप सहायिकेच्या उपस्थितीतच घेतले जाते, आणि घरच्यांनी बडव्याचा, म्हणजे पाड्यावरच्या पारंपरिक उपचारकर्त्याचा, सल्ला आधी घ्यायचा ठरवला असेल, तर आम्ही त्यासाठी थांबतो.

आमच्या फेऱ्यांचे वेळापत्रकही बदलले. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात, म्हणून होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारांत आम्ही ओळखी करून घेतो, जुने पाय तपासतो आणि नवी मापे होळी उरकल्यावर घेतो.

त्या बाईंचा जयपूर फूट गेल्या भोंगऱ्याला दुरुस्तीसाठी आला, तेव्हा टाचेचे रबर पार झिजले होते आणि बोटांच्या खाचांत चुलीची राख बसली होती.