शांत दिसणं

रविवार, रात्र.

चर्चची उपासना सुटल्यावर गेटपाशी रिक्षा बघत उभी होते. मावशी आल्या, सलाम केला, हात हातात धरला आणि म्हणाल्या, "एवढं चाललंय घरात, तरी चेहरा किती शांत ओ तुमचा. विश्वास असावा तर असा."

मी हसले. म्हणजे ओठ तेवढे रुंद केले. तेव्हापासून ते 'शांत' कुसळासारखं रुतून बसलंय.

उपदेशभर मी हिशेब करत होते. रिपोर्ट गुरुवारी. पुण्याला न्यायची वेळ आली तर दोघांचं भाडं, राहायचं, वर औषधं. दिराकडं मागायचे की नाही... ते जाऊ दे. पाळकसाहेबांनी बायबलातलं फिलिप्पैकरांचं पत्र काढलं होतं, कशाविषयीही चिंता करू नका म्हणून. पौलानं हे तुरुंगात बसून लिहिलं, हे मला शब्बाथ शाळेपासून पाठ आहे. आज मनात आलं, त्याला बायकोपोरं नव्हती. लगेच जीभ चावली. पण आलं होतं.

तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, म्हणून चेहरा तसा दिसत असेल. त्याला मावशी विश्वास म्हणाल्या. आणि मी खोडून काढलं नाही. आवडलं की काय मला ते?

माझं कुणी विचारत नाही. सगळे ह्यांचं विचारतात. ह्यांना मात्र काही नाही! दुपारी दोन भाकरी, शेंगाचटणी, वर दही, की पंखा पाचवर करून आडवे. रिपोर्ट ह्यांचा आणि घालमेल माझी.

'स्मृतिचित्रे'वाल्या लक्ष्मीबाई टिळकांचं आठवलं. १८९५ साली त्यांच्या यजमानांनी, कवी ना. वा. टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर ह्या बाई आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला येऊन राहिल्या होत्या. स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली. मधली पाच वर्षं त्यांना कुणी 'किती शांत' म्हटलं नसणार. आई संध्याकाळी टिळकांची भजनं पेटीवर म्हणायची. तिच्या तोंडावरही काही दिसायचं नाही. आता वाटतं, एकदा विचारायला हवं होतं.

पहाटे अडीच.

चार दिवसांनी पाणी आलं. मोटर लावली, बॅरल, घागरी, शेवटी बारक्याची बादलीसुद्धा भरली. पाईप धरून बसले आणि मांडीवर बायबलातलं मार्कचं शुभवर्तमान उघडलं. चौथा अध्याय, वादळाचा. मचव्यात पाणी शिरतंय आणि प्रभू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलाय. ही उशी फक्त मार्क सांगतो. मत्तय, लूक नाही. शिष्य त्याला हलवून विचारतात, आम्ही बुडतोय, तुला काहीच नाही का? ही काय प्रार्थना झाली? हे तर भांडण. मी दुपारी ह्यांच्याकडं बघून मनात जे म्हटलं, तेच हे. आणि तो उठतो की! आधी वाऱ्याला दटावतो. मग शिष्यांना बोलतो, चांगलंच बोलतो. पण उठतो.

मग मीपण बोलले. मोटरच्या आवाजात कोण ऐकतंय! आभारप्रदर्शन वगैरे काही नाही. तुला काळजी आहे की नाही, ते सांग. पुण्याचं भाडं सांगितलं, दिराचंही सांगितलं, मावशींचं तर दोनदा. पौलाची क्षमा मागितली. उत्तर आलं असं म्हणणार नाही. पण पाणी बॅरलवरून वाहून माझ्या पावलांवर आलं, तेव्हा ध्यानात आलं, बराच वेळ झाला गुरुवार डोक्यात आलेला नाही.

आत आले तर हे दोन उशा घेऊन घोरतायत, माझीसुद्धा घेऊन. हलवायला हात पुढे केला होता. मग म्हटलं, हे उठून कुठला वारा थांबवणार आहेत? चहा तेवढा मागतील.

चादरीची घडी डोक्याखाली घेतली. मावशी पुढच्या रविवारी उपासनेत सगळ्यांसमोर विश्वासाची साक्ष द्यायला सांगणार, मला माहीत आहे.