ट्रेम्बलमधला ब

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे, चार वाजून एकवीस मिनिटांनी, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी नववीत होतो. आमच्या घराची मागची भिंत गोठ्यावर आली. म्हैस वाचली, पण कणगी फुटली आणि भात अंगणभर पसरला. तिकडे कोयनानगरात धड उभं घर शोधावं लागत होतं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली.

शाळेच्या भिंतींना तडे गेले, म्हणून वर्ग पटांगणात पत्र्याच्या छपराखाली भरू लागले. लहान धक्के पुढे कित्येक महिने चालूच होते. वाऱ्याने पत्रा वाजला तरी आम्ही पोरं दप्तर टाकून पळायचो.

अशाच एका दिवशी इंग्रजीच्या सरांनी शुद्धलेखन घातलं. थरथरणे या अर्थाचा 'ट्रेम्बल' मी ब गाळून लिहिला. छडी बसणार म्हणून हात पुढे केला, तर सर म्हणाले, "काय रे, आंबा खातोस ना? संस्कृतात त्याला काय म्हणतात?"

"आम्र."

"मग आंब्यात ब कुठून आला?"

मी गप्प.

"म्हण, आम्र. हळू म्हण. म् म्हणताना ओठ मिटले ना? आता ते उघडून र म्हण. उघडता उघडता मध्ये काय निसटतं?"

निसटला ब! आम्रचा आंबा झाला, ताम्राचं तांबं झालं, ते याच वाटेने. इंग्रजी शब्दाचंही तेच. मूळ लॅटिन 'ट्रेमेरे', म्हणजे कापणे. त्यावरून 'ट्रेमुलुस', थरथरणारा. पुढे बोलता बोलता मधला उ झिजला, म् आणि ल् एकमेकांना भिडले आणि त्या फटीतून ब घुसला. फ्रेंचांच्या तोंडून तो ब तसाच इंग्रजीत आला. सगळा वर्ग आम्र, आम्र करत असताना छप्पर खडखडलं. निम्मी पोरं पळाली, त्यातली दोन-तीन पळतानाही आम्र म्हणत होती. सर खुर्चीतच होते. ते घाबरले नव्हते की गुडघे दुखत होते, हे आजतागायत कळलेलं नाही.

त्यानंतर हा शब्द आमच्या मानगुटीवरच बसला. 'ट्रेमेंडस' म्हणजे मुळात प्रचंड नव्हे, ज्याच्यापुढे थरथर कापावं असं. 'अर्थक्वेक'मधला 'क्वेक' मात्र इंग्रजांच्या घरचा, जुना. १६५० साली इंग्लंडातल्या डर्बीच्या एका न्यायाधीशाला जॉर्ज फॉक्स या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने देवाच्या शब्दापुढे कापायला सांगितलं, तेव्हा न्यायाधीशाने टिंगलीने फॉक्सच्या मंडळींना 'क्वेकर', म्हणजे कापणारे, म्हटलं. ते नाव त्यांच्या पंथाला कायमचं चिकटलं. संस्कृतात त्रस् म्हणजे भिऊन थरथरणं. इंग्रजी 'टेरर' त्याच कुळातला. म्हणजे आई दिवसातून दहा वेळा "त्रास देऊ नकोस रे" म्हणायची, तो त्रास या टेररचा चुलतभाऊ. हे घरी सांगितलं, तर आई म्हणाली, "सरांना म्हणावं, आधी बीजगणित शिकवा याला."

बीजगणित कच्चंच राहिलं. शब्दांचा नाद मात्र लागला तो लागलाच. पोस्टात नोकरी करताना पत्त्यांवरच्या गावांच्या नावांचीही मी अशीच चिरफाड करत असे. सहकारी वैतागायचे.

गेल्या वर्षी उजवा हात कापायला लागला. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'एसेन्शियल ट्रेमर'. मी म्हटलं, "एसेन्शियल म्हणजे अत्यावश्यक ना? याच्यावाचून माझं काय अडलंय?" ते हसले. वैद्यकात त्या शब्दाचा अर्थ असा, की अमक्या आजारामुळे कापतोय असं बोट दाखवता येत नाही. 'ट्रेमर' पाहून मला तो पत्रा आठवला. यात ब नाही, कारण म् आणि र यांच्यामध्ये स्वर शाबूत आहे. सरांनी विचारलं असतं, तर या वेळी उत्तर आलं असतं.

हे मनोगत नातीने टाईप केलं आहे. खालची सही माझी. तिच्यात मध्येच एखादी जास्तीची रेघ घुसली असेल, तर ती तशीच छापावी.