शिक्का बघ, शिक्का

रात्री साडेदहाला लॉजवरून पोराचा फोन आला. "मामा, एक फॉरेनर आलाय. व्हिसा संपलाय त्याचा. घालवू का?"

"घालवू नको. बाकड्यावर बसीव, च्या दे. आलोच."

आमचं लॉज भवानी मंडपाच्या मागं, चौदा खोल्यांचं. गिऱ्हाईक म्हणजे अंबाबाईला आलेली कुटुंबं. परदेशी पाहुणा वर्षाकाठी आठ-दहा. आसपासचे बरेच जण गोरा माणूस दिसला की "फुल्ल हाय" म्हणून मोकळे होतात. कारण त्याला ठेवलं की 24 तासांच्या आत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरायचा: पासपोर्ट, व्हिसा, फोटो, भारतात कधी उतरला, आला कुठून, जाणार कुठं. त्यासाठी आधी नोंदणी करून लॉगिन घ्यावं लागतं. मी घेतलंय. एकदा गणपतीच्या गडबडीत फॉर्म दोन दिवस उशिरा गेला, तेव्हा जे ऐकून घेतलं ते इथं लिहिण्याजोगं नाही.

पोचलो तर गडी पाठीवरची सॅक मांडीवर घेऊन बसलेला. माझी नजर आधी गेली ती त्याच्या कानांवर. दोन्ही कान चेंबून गोळा झालेले. कोल्हापुरात असल्या कानाला ओळखपत्र लागत नाही. पैलवान!

होताच. स्पेनच्या कॅनरी बेटांवरचा. तिकडं वाळूच्या गोल आखाड्यात कुस्ती चालते, त्याला लुचा कनारिया म्हणतात. इथल्या तांबड्या मातीवरची कुस्ती बघायला पणजीहून एसटीनं आलेला, आणि तीन लॉजनी परत पाठवलेला.

त्याच्या ई-व्हिसाच्या कागदावर शेवटची तारीख 31 जानेवारी. भिंतीवरच्या कालनिर्णयात 9 फेब्रुवारी. तो आपला "नो प्रॉब्लेम, थर्टी डेज" एवढंच म्हणत होता. खरं सांगतो, माझ्याही पोटात गोळा आला. शेवटी ओळखीच्या हवालदारांना फोन लावला.

"झोपू देणार हाईस का नाही? 30 दिवसांचाच टुरिस्ट व्हिसा हाय न्हवं? मग कागदावरची तारीख देशात शिरायची असती. 30 दिवस उतरल्यापासनं मोजायचं. शिक्का बघ, शिक्का!"

पासपोर्ट उघडला. गोवा विमानतळाचा शिक्का, 24 जानेवारी. बोटांवर मोजलं, 22 फेब्रुवारी येत होती. म्हणजे पाहुणा नियमातच होता, चुकलो आम्ही. पोराचा तरी काय दोष? आमच्याकडं याआधी आलेले बहुतेक एक वर्षाच्या ई-व्हिसावाले. तो व्हिसा मिळाल्या दिवसापासून धरतात, त्यामुळं कागदावरची तारीख तीच शेवटची. एकाच सरकारचा कागद, त्यात तारीख वाचायच्या दोन तऱ्हा! एवढं मोठ्या अक्षरात छापायला काय जातंय?

खोली दिली, फॉर्म त्याच रात्री भरला. सकाळी त्याला गंगावेश तालमीत सोडलं. तिथं भाषेची गरजच पडली नाही. वस्तादांनी कान बघितले आणि थंडाईचा पेला पुढं केला.

घोळ पुढंच होता. दुपारी गडी चप्पल लाईनीत जाऊन मापाची चप्पल सांगून आला. कारागिरानं वायदा दिलेला पंधरा दिवसांचा, म्हणजे 24 तारीख. 30 दिवसांच्या व्हिसाला मुदतवाढ नसते, आणि याचं विमान 21 ला.

मग मीच गेलो रदबदलीला. सगळं ऐकून म्हातारबा हातातली आरी खाली ठेवून म्हणाले, "आता चपलेलाबी व्हिसा लागाय लागला व्हय?"

"लागतोय, आण्णा. 20 च्या आत द्या."

"बघू," म्हणाले, आणि दुसऱ्या कुणाचातरी अर्धवट जोड बाजूला सारून पाहुण्याचं माप पुढ्यात ओढलं.