नाइफ रिव्हर: हिदात्सांच्या मातीच्या घरांत

‘सू’ (Sioux) म्हणजे अमेरिकेतले मूळनिवासी म्हटलं की आपल्याला घोडा, पिसांचा टोप आणि चामड्याचा तंबू आठवतो. ते त्यांच्यातल्या लकोटा गटाचं चित्र, तेही अर्धंमुर्धं. सूअन भाषा बोलणाऱ्यांत ओमाहा, ओसेज, क्रो असे कितीतरी लोक येतात. त्यातले मंडान आणि हिदात्सा तर मिझुरी नदीकाठी गावं वसवून मका पिकवणारे. त्यांच्या गावांच्या खुणा बघायला आम्ही नॉर्थ डकोटातल्या नाइफ रिव्हर इंडियन व्हिलेजेसला गेलो. माउंट रशमोर करून परत फिरणाऱ्या आपल्या मंडळींनी जमल्यास गाडी इकडे वळवावी.

ही जागा स्टँटन गावापाशी, राज्याची राजधानी बिस्मार्कहून तासाभरावर आहे. स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवीच. पश्चिमेच्या मेडोराकडून येत असाल तर वेळेचा पट्टा बदलतो; घड्याळ एक तास पुढे करा, नाहीतर माहिती केंद्र बंद व्हायच्या वेळेला पोचाल. प्रवेश फुकट. स्टँटन अगदी छोटं आहे, त्यामुळे जेवण बिस्मार्कहूनच बांधून न्या; शाकाहाऱ्यांनी तर नक्कीच.

केंद्रामागे मातीचं घर नव्याने उभारलंय. बाहेरून गवत उगवलेली टेकडीच वाटते. आत शिरलं की मधोमध चार जाडजूड खांब, भोवती आखूड खांबांचं कडं, वर विलोच्या फांद्या, गवत आणि माती. छताला धूर जायला भोक, तोच उजेडाचा झरोका. व्यास चाळीसेक फूट. उन्हाळ्यात आत सुखद गार वाटतं. दाराजवळ वारा अडवायला आडोसा असे, आणि कडाक्याच्या थंडीत लाडके घोडेसुद्धा आत बांधत. घर बांधण्याचं बरंचसं काम बायकांचं, घर त्यांच्याच मालकीचं, कूळही आईकडून चालणारं.

शेतीही बायकांचीच. सूर्यफूल सर्वांत आधी, शेताच्या कडेने. मग मका, भोपळा, घेवडा. बायसनच्या (तिथल्या रानगव्याच्या) खांद्याच्या हाडाला दांडा बांधून कुदळ करत. कणसं भरली की पोरीबाळी मचाणावर बसून पाखरं हाकत आणि मक्याला गाणी म्हणत. धान्य साठवायला जमिनीत खड्डे, तोंड अरुंद आणि पोट मोठं, थेट आपल्या पेवासारखे! कडेने मक्याच्या वेण्या, मध्ये सुटे दाणे, त्यांच्या पोटात भोपळ्याच्या वाळवलेल्या चकत्यांच्या माळा. ही सगळी माहिती बफेलो बर्ड वूमन या हिदात्सा बाईने सांगितली आणि 1917 साली ती छापली गेली, म्हणून आपल्याला इतकी बारीकसारीक कळते. शिकार होतीच, पण मक्याच्या जोरावर ही गावं व्यापाराची पेठ बनली होती.

आता खरी गावं. तिथे उभं काहीच नाही. गवतात गोल खळगे, एकाला लागून एक: प्रत्येक खळगा म्हणजे एक घर. भर दुपारी गेलात तर ‘यात काय बघायचं?’ असंच वाटेल. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, तिरप्या उन्हात खळग्यांच्या कडा उठून दिसतात. अवातिक्सा गावाच्या खुणा पायवाटेने दिसतात. लुइस आणि क्लार्क हे अमेरिकी शोधप्रवासी 1804 मध्ये आले तेव्हा, पुढे त्यांच्या मोहिमेत दुभाषी म्हणून गेलेली सकाकाविया इथेच राहत होती. सर्वांत मोठ्या हिदात्सा गावाला गाडीने जावं लागतं, आणि मला तेच जास्त आवडलं. फुल पँट घाला, गोचिडी असतात. घुशीसारखे गोफर माती उकरतात, त्यात हाडं किंवा खापरं वर आलेली दिसतील. हात लावू नका, उचलणं गुन्हा आहे.

हे लोक गेले कुठे? 1837 च्या देवीच्या साथीत मंडान जेमतेम सव्वाशे उरले असं सांगतात. वाचलेल्या हिदात्सा-मंडानांनी 1845 च्या सुमारास नदीच्या वरच्या अंगाला सरकून नवं गाव वसवलं, पुढे अरिकारा ही तिसरी जमातही येऊन मिळाली. मग मिझुरीवर गॅरिसन धरण आलं आणि 1953 नंतर त्यांची नदीकाठची सुपीक शेती पाण्याखाली गेली. त्या जलाशयाला नाव दिलंय सकाकावियाचं, हे मला जरा जास्तच वाटलं.

म्हणून स्टँटनवर थांबू नका. दोनेक तासांवरच्या न्यू टाउनला जा. तिथे या तिन्ही जमातींचं स्वतःचं केंद्र आहे, आणि सांगणारेही तिथलेच. उन्हाळ्यात पॉववॉव (नाचगाण्यांचा मेळावा) असेल तर बसायची खुर्ची घरून न्या, निवेदक सांगेल तेव्हा उभे राहा आणि कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढू नका.