पाच माणसं, अडीच तिकिटं

दाराशी गाडी उभी असताना सुट्टीत एसटीने का जाता, असं तुम्ही विचारता. भिशीत विचारता, पतपेढीत पासबुक पुढे सरकवताना विचारता, लग्नाच्या पंगतीत वाढपी पुढे सरकला की हळूच विचारता. गल्लीतल्या म्हाताऱ्या तर पिशव्या बघूनच हाक मारतात, "कथा चालनात?" म्हणजे कुठे निघालात, आणि उत्तर ऐकायच्या आधी गाडीकडे बघतात. काहींना कारण नकोच असतं, थेट आकडा हवा असतो. किती लागले? आकडा सांगितला की विश्वास बसत नाही, आणि बसला की चेहऱ्यावर कीव दिसायला लागते. तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते. म्हणजे पुढच्या भिशीला दुसरं काहीतरी बोलता येईल.

आधी तिकिटांचं. आमच्या घरात माणसं पाच. सासूबाईंना ७५ पूर्ण झाली, त्यामुळे त्यांना एसटी फुकट. ऑगस्ट २०२२पासून ही सवलत आहे. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यात मी आणि मोठी. धाकटी दहा वर्षांची, बारापर्यंत तिचं तसंही अर्धंच. पूर्ण तिकीट एकट्या ह्यांचं. पाच माणसांची अडीच तिकिटं. सासूबाईंचं शून्य रुपयांचं तिकीटही यंत्रातून रीतसर निघतं आणि त्या ते बटव्यात घालून ठेवतात, कुणी तपासायला आलं तर असावं म्हणून. आता सांगा, गाडीला अशी सवलत कुठे आहे? पेट्रोल पाचही माणसांचं लागतं, टोल लागतो, आणि घाटात ह्यांची नजर रस्त्यावर. दरी बघायची आम्ही, आणि ह्यांनी पुढच्या ट्रकचा मागचा फलक वाचायचा.

अजिंठ्याला जायचं म्हटलं की हमखास ऐकवतात, "तिथे तरी गाडी न्या." नेली तरी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवावी लागते आणि तिथून लेण्यांपर्यंत महामंडळाच्याच बसने जावं लागतं. मग अमळनेरहून जळगाव, जळगावहून फर्दापूर बसनेच का जाऊ नये? लेण्यांचं तिकीट मोठ्यांना ४० रुपये, पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांना नाही. फक्त सोमवारी जाऊ नका, बंद असतात. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब सोमवारी गेलं होतं. गाडीनेच गेलं होतं.

रेल्वेचं म्हणाल तर सासूबाईंना पूर्वी निम्म्यात पडायचं. ती सवलत मार्च २०२०मध्ये गेली ती गेलीच. धाकटीला बर्थ हवा असेल तर पूर्ण पैसे, हे २०१६पासूनचं आहे. तरी लांब जायचं तर रेल्वेच, आणि आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख लक्षात ठेवावी लागते. सर्वात जास्त पैसे मात्र जायची वेळ निवडण्यात वाचतात. मे महिन्यात आम्ही कुठेच जात नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी मुलींना घेऊन तापीपलीकडे शिरपूरला माहेरी जाते, झोके खेळून, आमरस खाऊन परत येते. सगळं फिरणं दिवाळीनंतर. ऐन दिवाळीत सापुताऱ्याला अख्खं सुरत लोटतं, खोल्यांचे भाव ऐकवत नाहीत. लाभपंचमीला तिकडचे बाजार उघडतात आणि डोंगर रिकामा होतो. आपल्या शाळांची सुट्टी तेव्हाही शिल्लक असते, आणि हे पंचायत समितीत असल्यामुळे दिवाळीनंतरची रजा भांडण न करता मिळते. दिवाळीतली सगळ्यांनाच हवी असते ना.

एवढं ऐकून तुमचं समाधान होत नाही, कारण तुमचा खरा प्रश्न डब्याचा आहे. बाहेर फिरायला जायचं आणि गाठोडं बांधून न्यायचं, हे तुम्हाला खटकतं. जी मंडळी आज जोरजोरात विचारतात, त्यांच्या आया दशम्यांशिवाय गावाबाहेर पडल्या नव्हत्या, पण ते असो.

दशम्या मी दुधात भिजवते, पाण्याचा थेंब घालत नाही, मग दोन-तीन दिवस त्यांना काही होत नाही. भाजून झाल्या की टोपलीत सुट्या पसरायच्या. गरम गरम डब्यात भरल्या तर वाफ धरते आणि संध्याकाळपर्यंत कडा चिकट होतात. निवल्या की जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात बांधायच्या. वर्तमानपत्रात कधीच नाही, शाई लागते. सोबत शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं, बिबड्या, दिवाळीचा उरलेला फराळ. हे सगळं पहाटे तीनला उठून होतं. सहलीचा हिशोब मी पै-पैचा ठेवते, पण ते पहाटेचे तास मी कुठल्याही रकान्यात लिहीत नाही, हेही कबूल.

आता सापुतारा. तिथे काय झालं ते तुमच्यातल्या काहींना अर्धंमुर्धं माहीत आहे, आणि तेही माझ्या दिरांच्या बाजूने.

करोनाच्या आधीची दिवाळी होती, २०१९ची. माझे दीर सुरतेला असतात, साड्यांचं दुकान आहे. त्यांनी ठरवलं की या वर्षी दोन्ही भावांनी माईला घेऊन एकत्र जायचं. सुट्टी त्यांना दिवाळीतच, म्हणून जायचंही दिवाळीतच. हॉटेल त्यांनी ठरवलं, खर्च निम्मा-निम्मा. आम्ही एसटीने वणीच्या गडावर गेलो, देवीचं दर्शन घेतलं, रात्री भक्तनिवासात राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सापुताऱ्याला पोचलो. ते सुरतेहून त्यांच्या गाडीने आले. दिवस छान गेला. तलावात बोटीत बसलो, भाऊजींनी सगळ्या मुलांना मक्याची कणसं घेऊन दिली, जाऊबाईंनी आणि मी खूप दिवसांनी पोटभर गप्पा मारल्या.

रात्री हॉटेलच्या खालच्या हॉलमध्ये जेवायला बसलो. टेबलं सगळी भरलेली, बाहेर लोक नंबर लावून उभे. मुलांनी पनीर मागवलं, भाऊजींनी आणखी चार-पाच गोष्टी मागवल्या. सासूबाईंना रात्री तेलकट-तुपकट चालत नाही. त्यांनी मांडीवरचं फडकं सोडलं, दशमी काढली, तिच्यावर चटणी घेतली आणि खायला लागल्या. भिंतीवर बाहेरचे पदार्थ आणू नका अशी पाटी होती, पण ती गुजरातीत. वाढणारा पोरगा आला, त्याने बघितलं आणि विचारलं, "आजी, ताटली देऊ का?" घेऊनही आला. म्हणजे हॉटेलवाल्यांना काहीच अडचण नव्हती, हे आधी लक्षात घ्या.

भाऊजींना होती. "माय, ते ठेव. लोकं पाहताहेत." सासूबाई खातच राहिल्या. "माले हाईच गोड लागस," एवढंच म्हणाल्या. मग ते माझ्याकडे वळले. "वहिनी, वर्षातून एकदा येतो आपण. इथंही गाठोडं सोडायचंच का?" मी काही बोलले नाही, कारण जाऊबाईंनी टेबलाखालून माझा हात दाबला होता. शेवटी ह्यांच्या खांद्यावर हात टाकून, हसत, सगळ्या मुलांसमोर म्हणाले, "दादा, पैसे मी देतो ना. तुम्ही कशाला टेन्शन घेता?"

हे उठले. बिल टेबलावर यायची वाट न बघता काउंटरवर गेले आणि नऊ जणांचं सगळं बिल भरून आले. २,७०० आणि वर काहीतरी. आमच्याकडे परतीच्या भाड्याशिवाय जेवढे पैसे होते, ते जवळपास सगळे त्यात गेले. भाऊजींना ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असावं असंही नाही, मोठ्या भावाने धाकट्याला आपलं पाकीट उघडून दाखवायची रीत आपल्यात नाही. जेवण मात्र कुणी संपवलं नाही. पनीर तसंच राहिलं, आणि मी, तुमच्या भाषेत चिक्कू बाई, ते बांधून मागावं की नाही याचा विचार करत बसले. मागितलं नाही.

सकाळी रोप-वेला जायचं ठरलेलं होतं. भाऊजी रांगेत उभे राहिले आणि चारही मुलांची तिकिटं काढायला लागले. हे म्हणाले, "आमच्या दोघींची नको." मोठी तेव्हा दहाची होती. ती ह्यांच्याकडे बघेना, माझ्याकडे बघत होती. धाकटी चारची, तिला काही कळत नव्हतं. आम्हाला आणखी एक रात्र राहायचं होतं, पण त्याच दुपारच्या गाडीने निघालो. धुळे येईपर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत. मध्ये कुठेतरी बस थांबली तेव्हा उरलेल्या दशम्या मागितल्या आणि खाल्ल्या.

त्यानंतर करोना आला, त्यामुळे येणं-जाणं बंद होण्याला निमित्त मिळालं. फोन सणासुदीला.

भाऊजींचं चुकलं, असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. आईच्या घासावर कुणी बोलू नये. पण जाऊबाईंनी पुढे एकदा मला जे सांगितलं, ते ऐकल्यावर माझं म्हणणं पूर्वीसारखं ठणठणीत राहिलं नाही. भाऊजी सुरतेला गेले तेव्हा सतरा वर्षांचे होते. आधी उधन्याला यंत्रमागावर कामाला होते. एका खोलीत आपल्याकडचीच पोरं, दिवसपाळीवाले उठले की त्यांच्याच अंथरुणावर रातपाळीवाले झोपायचे. गावाकडून कुणी येणार असलं की माय दशम्या पाठवायची, आणि त्या ते पुरवून पुरवून खायचे, बुरशीचा कोपरा मोडून टाकून. फडकं सुटलं की त्यांना ती खोली दिसते, असं जाऊबाई म्हणाल्या. असेल. पण मग सासूबाईंना त्या फडक्यात काय दिसत असेल, हे कुणी विचारलं का?

त्या वेळची मी असते तर तुम्हाला फाडकन सांगितलं असतं की हौस म्हणजे पैसे उडवणं नव्हे. तिच्याकडे पुरावाही आहे. दर सहलीतून उरलेले पैसे तिने आवर्तक ठेवीत टाकले आणि मोठीच्या अकरावी-सायन्सच्या क्लासची फी त्यातून गेली, कुणाकडे हात पसरावा लागला नाही. पतपेढीत बसून ती बघते ना, पूर्वी लोक विहिरीसाठी, लग्नासाठी कर्ज मागायचे, आता केरळला जायचं म्हणून मागतात आणि हप्ते फोटो जुने झाले तरी चालू राहतात. तिचं काहीच खोटं नाही. पण गेल्या महिन्यात कपाट आवरताना मोठी म्हणाली, "मला सापुताऱ्याचं दुसरं काही आठवत नाही, फक्त रोप-वे आठवतो. बसले नव्हते म्हणून." तिला फीची पावती दाखवावी असं क्षणभर वाटलं. तिने विचारलं काय आणि मी दाखवणार काय! मुकाट्याने कपडे घड्या घालत राहिले. आता तुम्ही म्हणाल, मग पुढच्या वेळी हॉटेलात खा. खाऊ. पण त्या दिवशी हॉटेलात खाऊनच तर पैसे संपले होते. डब्याने रोप-वे हुकला की बिलाने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. हे म्हणतात दोन्हींनी नाही, माझ्या रागाने. तो विषय आम्ही वाढवत नाही.

गेल्या आठवड्यात भाऊजींचा फोन आला होता, ह्यांना नाही, मला. "वहिनी, या वर्षी जाऊ या का? तोरणमाळ?" मी म्हटलं, लाभपंचमीनंतर या, खोल्या निम्म्यात मिळतील, गर्दी नाही. ते म्हणाले, "लाभपंचमीला दुकान उघडावं लागतं वहिनी. मला सुट्टी दिवाळीतच असते." खरंच आहे ते, स्वस्तातला आठवडा त्यांच्या नशिबातच नाही. मी दोन्ही तारखांचे भाव काढून वहीत लिहून ठेवलेत. फरक बराच आहे. शहाद्याहून तोरणमाळला जाणाऱ्या बसच्या वेळाही विचारून ठेवल्यात. ह्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. मोठी म्हणते, काका येणार असतील तरच येईन.

सासूबाईंना विचारलं. त्यांचे गुडघे आता एसटीच्या पायऱ्या चढताना कुरकुरतात. त्या म्हणाल्या, दशम्या कर, पण या वेळी गाडीने जाऊ.